पाय वॉर्डात, जीव बाहेर

पत्र असं आहे:

"मावशी, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वय २७, एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स. चार वर्षं झाली. पहिली दोन वर्षं प्रत्येक डेथला रडायचे, घरी जेवण जायचं नाही. मग मैत्रिणीने स्टोइक फिलॉसॉफीचे रील पाठवले, जे आपल्या हातात नाही ते मनाला लावून घ्यायचं नाही, भावना कंट्रोलमध्ये ठेवायच्या वगैरे. मी ते अगदी मनापासून केलं. आता काहीच होत नाही. गेल्या आठवड्यात नाईटला १४ नंबर बेडवरचे आजोबा गेले. १९ दिवस होते आमच्याकडे, रोज रात्री हाक मारायचे, 'बाय, मातशें उदक दी गो', म्हणजे थोडं पाणी दे, आणि मग त्यांच्या काजूच्या बागेबद्दल बोलत राहायचे, यंदा बोंडू, म्हणजे काजूची फळं, कोण वेचणार याची काळजी. मी सगळं नीट केलं, पेपर पूर्ण केले, त्यांची मुलगी माझ्यावर खूप ओरडली तरी शांत होते. घरी येऊन पेज जेवले, झोपले. उठल्यावर आईला सहज सांगितलं तर म्हणाली, तू दगड झालीस गो. मला भीती वाटली. मी स्टोइक झाले की माझं काहीतरी बिघडलंय? रात्री ३० पेशंटमागे आम्ही दोघीच असतो, त्याचंही आता काही वाटत नाही. नोकरी सोडू का?"

बाय,

नोकरीचं शेवटी बोलू. आधी आईचं बोलणं घेऊ, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ती बरोबर बोलली आणि तू घाबरलीस तेही बरोबर. पण तू बिघडलेली नाहीस. तुला जे औषध दिलं गेलं त्याच्या बाटलीवर लेबल स्टोइकचं होतं, आत वेगळंच काहीतरी होतं. आपण नर्सेस औषध काढताना, भरताना आणि परत ठेवताना असं तीनदा लेबल वाचतो ना, तसं हे पण जरा नीट वाचूया.

मी हे वाचायला घेतलं ते कोविडच्या लाटेतल्या २०२१ च्या मे महिन्यानंतर. तो महिना गोव्यात कुणालाच विसरता येणार नाही, आणि आम्ही वॉर्डात होतो त्यांना तर नाहीच नाही. पीपीई किटच्या आत घाम, चष्म्यावर वाफ, एका हातात सिलिंडरची चावी आणि दुसऱ्या हातात पेशंटचा मोबाईल, व्हिडीओ कॉलवर त्याच्या घरचे, आणि मागून कुणीतरी हाक मारतंय सिस्टर सिस्टर. नंतर कित्येक महिने मला रात्री अडीचला जाग यायची. माझा भाचा कॉलेजात शिकवतो, त्याने एपिक्टेटस नावाच्या स्टोइकाचं पुस्तक आणून दिलं. मी खरं तर रागानेच उघडलं, की ह्या जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला वॉर्डातलं काय कळणार. पण हा माणूस इ.स. ५० च्या सुमाराला आजच्या तुर्कस्तानात जन्मला, रोममध्ये गुलाम होता, पायाने लंगडा, आणि त्याने स्वतः काही लिहिलंच नाही, आरियन नावाच्या शिष्याने त्याचे क्लास उतरवून घेतले. म्हणून ते पुस्तकासारखं वाटत नाही, समोर बसवून दटावल्यासारखं वाटतं. आणि स्टोइक हे नाव कुठून आलं माहीत आहे? स्टोआ म्हणजे खांबांचा लांब मंडप. ह्या विचाराची सुरुवात करणारा झेनो इ.स.पू. ३०० च्या सुमाराला अथेन्सच्या बाजाराला लागून अशा मंडपात शिकवायचा. म्हणजे हे गुहेत डोळे मिटून बसलेल्याचं तत्त्वज्ञान नाही, आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात नाहीतर घरापुढच्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं चालतं तसं, माणसांच्या मधोमध चाललेलं.

आता त्यातली एक गोष्ट सांगते, तुझ्या रीलमध्ये ही आली नसणार. एक सरकारी अधिकारी एपिक्टेटसकडे येतो. बोलता बोलता सांगतो, माझी मुलगी मध्यंतरी फार आजारी होती, मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी घरातून निघूनच गेलो, ती बरी आहे असा निरोप येईपर्यंत लांबच राहिलो. एपिक्टेटस विचारतो, हे बरोबर केलंस का? तो म्हणतो, बापाला असंच होणार, जीव आहे माझा तिच्यावर. मग एपिक्टेटस एकेक माणूस घेतो. तिच्या आईचा जीव नव्हता का? मग आईनेही निघून जायला हवं होतं? तिला सांभाळणारी दाई, तिचा जीव नव्हता? ती पण गेली असती तर? म्हणजे सगळ्यांचा एवढा जीव, एवढा जीव, की पोर एकटी पडणार आणि जिचं कुणाला काही नाही अशा लोकांच्या हातात मरणार. तू आजारी पडलास तर तुझ्यावर असा जीव असणारी माणसं तुला चालतील?

त्यातलं ते दाईचं वाचलं आणि मला वाटलं हा आपल्याबद्दल बोलतोय.

ह्यात भावना नको असं कुठे म्हटलंय सांग. तो म्हणतोय जीव आहे ना, मग थांब. आता तुझं बघ. तो बाप पायांनी पळाला. तू पळाली नाहीस, तू १९ दिवस तिथेच होतीस, पाणी दिलंस, कूस बदललीस, चार्ट भरलास, पण पाय वॉर्डात ठेवून जीव तेवढा बाहेर नेऊन ठेवलास. दोन वर्षं रडून थकलेल्या माणसाला हे सुचतंच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण पळणं ते पळणंच, आणि एपिक्टेटसने त्याला शाबासकी दिली नसती.

मी पण केलंय. मी १९८८ ला लागले, आणि सहा-सात वर्षांनी माझं अगदी तुझ्यासारखंच झालं होतं, फक्त मला कुणी स्टोइकचं नाव सांगितलं नव्हतं. मेल मेडिकलला, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डला नाईट होती. एक म्हातारे गेले पहाटे. त्यांची बायको संध्याकाळपासून बाहेर बाकावर, मांडीवर स्टीलचा डबा फडक्यात बांधलेला. मी जाऊन सांगितलं, एका दमात, आवाज एकदम सपाट, पुढे काय काय करायचं ते पण त्याच दमात सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, सिस्टर, ही पेज आता मी कुणाला देऊ? आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, आधी इथे अंगठा लावा. हे वाक्य मला आजही ऐकू येतं. माझ्या मागे आमच्या सीनियर सिस्टर उभ्या होत्या, त्यांनी काही न बोलता मला बाजूला केलं, तिच्याशेजारी बाकावर बसल्या, डब्याची गाठ सोडली आणि विचारलं, तुम्ही कधीपासून जेवला नाहीत? आणि त्या बाईला दोन-चार चमचे पेज घ्यायला लावली, आंब्याच्या लोणच्याची फोड होती झाकणात, ती पण दिली. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं, पुसत पण नव्हत्या. दहा मिनिटं फक्त. मग उठल्या, तोंड धुतलं, आणि सहाची इंजेक्शनं स्वतः भरली, एकाही डोसमध्ये चूक नाही, एकही बेड राहिला नाही. त्यांनी स्टोइकांचं नावसुद्धा ऐकलं नसेल. पण मी आजवर पाहिलेली सगळ्यात स्टोइक बाई तीच.

रडणं आणि हात स्थिर असणं ह्या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात हे मला त्या रात्री कळलं, आणि पुस्तकात ते खूप नंतर सापडलं.

खरं तर स्टोइक स्वतःच म्हणतात की चांगल्या भावना असतात आणि त्या हव्यातच, आनंद, सावधपणा आणि जे खरंच चांगलं त्याची विचारी इच्छा, अशा तीन त्यांनी नावं घेऊन सांगितल्यात. आणि शरीराला बसणारा पहिला धक्का तर ते भावनेत धरतच नाहीत. जुन्या रोमन काळातली एक हकीकत आहे, समुद्रात वादळ झालं, बोटीवर एक मोठा स्टोइक तत्त्वज्ञ होता, तोही बाकीच्यांसारखाच पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर कुणीतरी टोमणा मारला, आणि मग दुसऱ्या एकाने नीट कारण विचारलं, तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसचंच पुस्तक काढून दाखवलं, की चेहरा उतरणं, छातीत धडधडणं हे शहाण्या माणसालाही चुकत नाही, ते आपल्या हातात नाही. त्याच्यानंतर मनात जे विचार येतात त्यांना 'हो, हे असंच आहे' म्हणून मान डोलवायची की नाही, ते आपल्या हातात. तर पहिल्या वर्षी अरेस्टच्या वेळी, पेशंटचं हृदय बंद पडल्यावर, तुझे हात थरथरले असतील तर ते कमकुवतपणाचं लक्षण नव्हतं. तू त्या थरथरीलाच शत्रू मानलंस, तिथून हे सगळं सुरू झालं असं मला वाटतं.

एका ठिकाणी माझं एपिक्टेटसशी पटत नाही, ते पण सांगते. तो म्हणतो, कुणी दुःखात असेल तर त्याच्याशी चार शब्द बोला, वाटल्यास त्याच्याबरोबर कण्हा, पण आतून कण्हू नका. पहिला अर्धा भाग लाख मोलाचा. दुसरा मला कधी जमला नाही आणि मला वाटतं नर्सला तो जमूही नये. वरवर हळहळणारी सिस्टर पेशंटला लगेच कळते, तापातल्या म्हाताऱ्यालाही कळते.

आता तुला जे वाटतंय, म्हणजे काहीच न वाटणं, त्याला स्टोइक म्हणू नकोस, त्याचं दुसरं नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या यादीत बर्नआउटची व्याख्या केली, त्याला त्यांनी आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ताणातून होणारी गोष्ट म्हटलंय, आणि त्याची तीन लक्षणं दिली आहेत. अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मधलं लक्षण परत वाच. तुझी शांती म्हणजे ते लक्षण आहे असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. ही मनाची ताकद नव्हे, मन थकून बसलंय. थकलेल्याला आराम लागतो, उपदेश नाही, म्हणून इथून पुढे मी जे सांगतेय ते पण एकदम सगळं करायला जाऊ नकोस.

ते ३० पेशंटमागे दोघी. इथे माझा आवाज जरा चढणार आहे. 'हातात नाही ते सोडून द्या' ह्या वाक्याचा सगळ्यात वाईट उपयोग इथे होतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म आहे, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात ३ पेशंटमागे १ नर्स, म्हणजे प्रत्येक पाळीला ९ मागे १. तुम्ही दोघी ३० बघता, म्हणजे १५ मागे १. हे ठेविले अनंते म्हणून राहण्यासारखं आहे का? अनंताने ते ड्युटी रोस्टर लावलेलं नाही, माणसांनी लावलंय. स्टोइक चार गुण मानतात, शहाणपण, धैर्य, संयम आणि न्याय, आणि रीलवाले न्याय नेमका गाळतात. भरती कधी होईल ते तुझ्या हातात नाही, कबूल. पण रात्री किती पेशंट, किती स्टाफ, कुठली औषधं उशिरा गेली, हे प्रत्येक नाईटला रिपोर्ट बुकात तारखेसकट लिहिणं तुझ्या हातात आहे. महिन्याने ते घेऊन दोघी-तिघींनी मिळून मेट्रनकडे जाणं हातात आहे. एकटी जाऊ नकोस. आणि १४ नंबरला त्या रात्री तू अजून पाच मिनिटं बसू शकली नाहीस ह्याचा हिशेब स्वतःच्या नावावर लिहू नकोस, तो रोस्टरच्या नावावर जातो.

स्टोइकांचं धनुर्धाऱ्याचं उदाहरण तू ऐकलं असशील, नेम धरणं, दोरी ओढणं त्याच्याकडे, बाण सुटल्यावर वारा आला तर आला. मला हे सीपीआर करताना, म्हणजे हृदय थांबलेल्या पेशंटची छाती दाबताना कळतं. मिनिटाला १०० ते १२० कम्प्रेशन, छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, प्रत्येक वेळी पूर्ण वर आली पाहिजे, दोन मिनिटांनी हात बदलायचा. हे सगळं बरोबर करूनही बहुतेक वेळा माणूस जातो. आपला नेम बरोबर होता. पण बघ, ह्यात नेम धरणाऱ्याला बाण लागावा असं वाटतच नाही असं कुणी म्हटलेलं नाही. त्याला ते हवं असतंच, नाहीतर तो एवढी दोरी ओढेल कशाला.

आता त्या मुलीचं, जी तुझ्यावर ओरडली. मार्कस ऑरेलियसचं ते प्रसिद्ध वाक्य तुझ्या रीलमध्ये नक्की आलं असणार, सकाळी उठून स्वतःला सांग, आज मला आगाऊ, कृतघ्न, उर्मट माणसं भेटणार आहेत. एवढंच कापून टाकतात. त्याच्या पुढे तो म्हणतो की हीच माणसं माझ्या नात्यातली आहेत, आपण हातापायांसारखे, वरखालच्या दातांसारखे एकमेकांबरोबर काम करायला जन्मलोय, त्यांच्याशी वैर धरणं म्हणजे निसर्गाच्या विरुद्ध जाणं. आणि हे लिहिणारा माणूस सुखात लोळत नव्हता. १६१ ते १८० रोमचा सम्राट, १६५ पासून राज्यात मोठी साथ, वर्षानुवर्षं लढाया, तेरा-चौदा मुलं झाली त्यातली निम्म्याहून जास्त त्याच्या डोळ्यांदेखत गेली. त्याला बाप गेलेल्या मुलीचं ओरडणं कळलं असतं.

तू शांत उभी राहिलीस ते चांगलंच केलंस, तिच्यावर उलट ओरडली असतीस तर आणखी बिघडलं असतं. (आणि कुणी हात उगारला तर शांत-बिंत राहायचं नाही, सिक्युरिटीला बोलवायचं, त्याच दिवशी लेखी द्यायचं, आपल्या संरक्षणासाठी गोव्यात कायदा आहे.) पण शांत राहून तू तिला काय दिलंस? तिच्या बापाचे शेवटचे १९ दिवस तुझ्याकडे होते. काजूच्या बागेचं, बोंडू वेचायच्या काळजीचं, रात्रीच्या त्या पाण्याचं, हे तिला माहीत नाही, तुला माहीत आहे. ओरडून झाल्यावर ती थकून बसली असेल, तेव्हा एवढं जरी म्हणाली असतीस की ते रोज रात्री बागेबद्दल सांगायचे, तर तिने ते आयुष्यभर जपलं असतं. मी तुला बोल लावत नाहीये. पुढच्या वेळी लक्षात ठेव म्हणून सांगतेय, कारण ह्याला वेळ लागत नाही, स्टाफ कमी असला तरी जमतं.

सेनेका नावाचा तिसरा एक स्टोइक रात्री दिवा विझला आणि बायको बोलायची थांबली की अख्ख्या दिवसाची उजळणी करायचा, कुठे चुकलं, आणि मग स्वतःला म्हणायचा, पुन्हा करू नकोस, आजच्यापुरतं माफ केलं. हे कर, पण अंथरुणात नको, नाईट करून आलेल्या माणसाची झोप मोडते. बसमध्ये कर. तू सत्तरीत राहतेस म्हणजे साखळीपर्यंत तरी वेळ मिळत असेल, खिडकीची सीट धर, मोबाईल पर्समध्ये. पेशंट आपण पुढच्या शिफ्टला कसा हँडओव्हर करतो, तसा दिवस हँडओव्हर करायचा. काय झालं, मी काय केलं, काय राहिलं, काय वाटलं. ते शेवटचं तू गेली दोन वर्षं लिहिणं सोडलंयस. आणि माफीचा भाग विसरू नकोस, तो वगळला तर ती उजळणी राहत नाही, रोजची चार्जशीट होते.

आता नोकरी. नाईटच्या रांगेत असताना ठरवू नकोस. आधी साठलेली रजा घे, आठ दिवस तरी, गणेश चवथीची वाट बघू नकोस, चवथीला आपल्याला सुट्टी कधी मिळते ते दोघींनाही माहीत आहे. परत गेल्यावर काही महिने वॉर्ड बदलून माग, ओपीडी नाहीतर लसीकरण, तिथे माणसं बरी होऊन घरी जाताना दिसतात, त्याने फरक पडतो. आणि ही सुन्न अवस्था रजेनंतरही गेली नाही, झोप-भूक बिघडली, किंवा जगण्यात अर्थ नाही असं कधी मनात आलं, तर १४४१६ वर फोन कर, ती टेलिमानस हेल्पलाइन सरकारी आहे, फुकट आहे, कधीही लागते. बांबोळीला मानसोपचार संस्थेची ओपीडी आहेच. आपण रोज लोकांना कुठल्या कुठल्या ओपीडीचा रस्ता दाखवतो, स्वतः जायला कसली लाज. माणसांना त्रास घटनांपेक्षा घटनांबद्दलच्या समजुतींचा होतो हे एपिक्टेटसचं म्हणणं घेऊनच अल्बर्ट एलिस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात आपली थेरपी उभी केली, तेव्हा तिथे गेलीस तर स्टोइकांपासून लांब गेलीस असं समजू नकोस.

हे सगळं करूनही सोडावीशी वाटली तर सोड. तू त्या बापासारखी पळालीस असं मी म्हणणार नाही. चार्ज देऊन जाणं वेगळं आणि पळून जाणं वेगळं, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलंय.

एक मात्र आजच कर, रजेच्या आधी. तुझ्या पत्रात आजोबा गेल्यावर तुला काय वाटलं हे तू एका शब्दाने लिहिलं नाहीस, पण ते आजोबा पाणी मागताना काय म्हणायचे ते जसंच्या तसं लिहिलंस, १९ दिवस मोजून लिहिलंस, बोंडवांची काळजी सुद्धा लिहिलीस. ज्याचा जीव बाहेर गेलेला असतो त्याला हे एवढं आठवत नाही. संध्याकाळी आई दिवा लावून बसली की तिच्याजवळ बस, नाव-गाव सांगू नकोस, पण बागेचं सांग, पाण्याचं सांग. तिने परत विचारलं तर परत सांग.

तुझी,
मावशी